पेस्टलची पेटी निवडताना



मूल चित्रात रमू लागले की घरात रंगांची मोठी पेटी येते. हौसेने आणलेली ती पेटी पुष्कळदा कपाटातच राहते. कारण खडू मोडला तर बोलणी बसतील, ही धास्ती मुलाच्या मनात असते. सॉफ्ट पेस्टल घेताना म्हणूनच खडू किती, याच्या आधी ते कशासाठी, हा प्रश्न विचारावा.

सॉफ्ट पेस्टल म्हणजे मेणखडू नव्हेत आणि शाळेत वापरतात ते तेलकट ऑइल पेस्टलही नव्हेत. रंगद्रव्याची पूड, पांढऱ्या मातीची भर आणि किंचित डिंक यांपासून ते बनतात. डिंक कमी तितका खडू मऊ. भर अधिक तितका रंग फिका. दुकानात कागदावर हलकी रेघ ओढून पाहावी. खडू खरवडत असेल किंवा रंगासाठी दाबावा लागत असेल, तर तो घेऊ नये.

जलरंगांप्रमाणे हे खडू ताटलीत कालवता येत नाहीत. मिश्रण कागदावरच थरावर थर देऊन होते, आणि फार घोटले तर रंग मळतो. त्यामुळे पेटीत प्रत्येक रंगाची उजळ, मध्यम व गडद रूपे हवीत. सहा रंगांच्या तीन-तीन छटा आणि सहा मातकट व करडे खडू, अशी २४ अर्ध्या खडूंची पेटी नवशिक्याला ७२ भडक रंगांहून अधिक उपयोगी पडते.

बंगळुरूच्या मल्लेश्वरम भागात चित्र काढणाऱ्या मुलाचेच उदाहरण घ्यावे. तेथील काडु मल्लेश्वराचे मंदिर व्यंकोजीराजांच्या १६६९ च्या दानलेखामुळे मराठी माणसाला जवळचे वाटते. त्याचा दगड एका करड्या खडूने रंगत नाही. उन्हात तो पिवळसर, सावलीत निळसर दिसतो. १८८२ सालच्या सँकी तलावाच्या काठी हिरव्याच्या चार छटा लागतात. संपिगे रस्त्याला ज्याचे नाव आहे, त्या सोनचाफ्यासाठी पिवळ्याबरोबर गेरूही हवा.

माणसाच्या चेहऱ्याबाबत तर अधिक सावध राहावे. व्यक्तिचित्रासाठी मिळणाऱ्या कित्येक तयार पेट्यांत फिके गुलाबी खडू फार असतात. त्यांतून आजीचा सावळा चेहरा उमटत नाही. आणि गुलाबीलाच ‘कातडीचा रंग’ म्हणायला शिकलेले मूल स्वतःचा चेहराही खोटा रंगवते. गेरू, विटकरी, गडद तपकिरी व जांभळट असे सुटे खडू मुद्दाम घ्यावेत.

कागद किंचित खरखरीत आणि फिक्या करड्या रंगाचा असावा. भुकटीवर फुंकर मारू नये. कागद उभा धरून ती झटकावी आणि काम संपताच हात धुवावेत. मुलांसाठी घेताना विषारी द्रव्ये नसल्याची वेष्टनावरील सूचना पाहावी.

हे माध्यम केवळ मुलांचे नाही. फ्रेंच चित्रकार शार्दां उतारवयात दृष्टी अधू झाल्यावर पेस्टलकडे वळला. चष्मा लावलेली त्याची १७७१ व १७७५ मधील आत्मचित्रे पॅरिसच्या लूव्हर संग्रहालयात आहेत. निवृत्त झालेल्या माजी विद्यार्थ्यांनीही हे ध्यानात घ्यावे.

मोडलेला खडू वाया जात नाही. आडवा धरला की आभाळाचा रुंद पट्टा त्यानेच भरतो. पेटी घरी आल्यावर पहिला खडू पालकांनी स्वतः मोडून मुलाच्या हाती द्यावा.