बाळाची गाठ : थांबायचं कधी, धावायचं कधी

(सोसायटीच्या आरोग्य शिबिरात केलेलं भाषण)



मी डॉक्टर नाही. अडतीस वर्षं बँकेत काढली. लहान मुलांच्या हर्नियावर बोलायचा माझा अधिकार एवढाच, की त्या बाबतीत मी एक मोठी चूक केली आहे.

१९८२ सालची गोष्ट. मुलुंडला पाच रस्त्याजवळ आम्ही भाड्याच्या खोलीत राहायचो. मुलगा आठ महिन्यांचा. (तोच आज आपला खजिनदार, त्याची परवानगी घेऊनच सांगतोय.) रडला की उजव्या जांघेत सुपारीएवढी गाठ यायची, निजला की नाहीशी व्हायची. डॉक्टर म्हणाले, "हा अंतर्गळ आहे, सर्जनला दाखवा." मी दाखवलं नाही. थोरलीची बेंबी तान्हेपणी अशीच फुगायची, ती तिसऱ्या वर्षापर्यंत आपोआप बसली होती. म्हटलं, हीसुद्धा बसेल.

३० जूनला, सहामाही क्लोजिंग आटपून रात्री अकराला घरी आलो, तर पोर कळवळून रडतंय. गाठ दगडासारखी, हात लावू देईना. दोनदा उलटी झालेली. शेजारच्या गुजराती भाईंनी भर पावसात फियाट काढली आणि परळच्या वाडिया हॉस्पिटलला पोचवलं. १९२९ पासूनचं हे खास मुलांचं रुग्णालय. तिथे गुंगीचं औषध देऊन हलक्या हाताने आतडं आत सरकवलं, दोन दिवसांनी ऑपरेशन केलं. आणखी उशीर झाला असता तर आतड्याचा रक्तपुरवठा तुटला असता, असं डॉक्टर म्हणाले. मला कुणी रागावलं नाही. हीसुद्धा नाही. ते अजून टोचतं.

डॉक्टरांनी कागदावर आकृती काढून समजावलं. बाळ गर्भात असताना त्याचे वृषण पोटातून खाली उतरतात. त्यांच्याबरोबर पोटाच्या आतल्या अस्तराची पिशवी खाली येते. ती पुढे मिटायला हवी. उघडी राहिली की आतडं तिच्यात उतरतं. मुलींतही होतं, पण कमी. तिथे बीजकोशही उतरू शकतो. अपुऱ्या दिवसांच्या बाळांत जास्त. हा हर्निया पट्ट्याने, मालिशने बरा होत नाही. जांघेच्या घडीत छोटा छेद घेऊन पिशवीचं तोंड बांधतात. मोठ्यांसारखी जाळी लागत नाही. निरोगी मूल बहुधा त्याच दिवशी घरी येतं. अपुऱ्या दिवसांच्या तान्ह्याला मात्र रात्रभर ठेवून घेतात.

बेंबीचं वेगळं. तिथली फट बहुतेक मुलांत चार-पाच वर्षांपर्यंत मिटते. बँकेच्या भाषेत ती मुदत ठेव. जांघेतलं खातं मात्र स्वतः जाऊन बंद करावं लागतं. मागच्या महिन्यात लिफ्टमध्ये एका बाळाच्या बेंबीवर पट्टीने आवळलेलं रुपयाचं नाणं पाहिलं. आजीची माया, कळतं मला. पण त्याने फट लवकर मिटत नाही, उलट कातडी चिघळते. आजी समोरच बसल्यात. काढलंत ना? हो म्हणताहेत.

आणि गाठ कडक झाली, दुखू लागली, आत जाईना, उलट्या, त्यातही हिरव्या, होऊ लागल्या, तर सकाळची वाट बघू नका. स्वतः दाबू नका. वाटेत दूधही पाजू नका, भूल द्यावी लागू शकते. लहान मुलांचा सर्जन असलेलं हॉस्पिटल गाठा. रात्री गाडी लागली तर माझी बेल वाजवा, कितीही वाजले असले तरी.

चला, चहा झालाय.