जुनी पुंटो घेताना

म्हैसुरात जुनी फियाट पुंटो स्वस्तात दिसली, की मन मोहते. जुजारोंच्या हातचा घाटच तसा आहे. पुण्याजवळ रांजणगावी २००९ पासून घडलेली ही मोटार २०१९ नंतर नवी मिळेनाशी झाली. डिझेल इंजिनाची धास्ती नको. तेच १.३ लिटरचे यंत्र स्विफ्टमध्येही होते, त्यामुळे त्याचा जाणकार मिस्त्री गावोगाव सापडतो. त्याला टायमिंग साखळी असते. पेट्रोल गाडीचा पट्टा मात्र केव्हा बदलला, हे विचारून घ्यावे. खरी ओढाताण अंगावरच्या वस्तूंची. पुढचा दिवा फुटला, तर दुसऱ्यासाठी भंगारबाजार पालथा घालावा लागतो. म्हणून मी तर म्हणेन, इंजिनाचा आवाज नंतर ऐका. आधी दिवे, आरसे, दारांच्या मुठी शाबूत आहेत ना, ते पाहा.