कवडी कापूस ओळखणारी पोरगी



गोदाकाठच्या पालम तालुक्यात आपलं मनापासून स्वागत. इथलं नदीतलं जांभूळबेट बघायला माणसं येतात. पण दिव्यांगांच्या शिक्षणावरच्या परिषदेला एवढी येतील असं आम्हालाच वाटलं नव्हतं. भाकरी कमी पडली तर सांभाळून घ्या.

आमच्या शेजारच्या वस्तीवर एक मुलगी आहे. बुद्धीच्या तपासणीत तिला चित्रं दाखवली. जहाज, पियानो. पोरगी गप्प. शेरा पडला, मंद. तीच पोरगी वेचणीत खराब, कवडी कापूस बाजूला काढते, आणि कळपात एक शेळी कमी असली तर दारातून हलत नाही.

परक्या चित्रांनी पोरं मोजायचं हे दुखणं जुनं आहे. बिने यांची बुद्धिचाचणी फ्रान्सची. डॉ. व्ही. व्ही. कामत यांनी ती मराठी आणि कानडी मुलांसाठी नव्यानं बसवली. त्यांचं पुस्तक १९४० चं. आफ्रिकेतले काही अभ्यासकही आज म्हणतात, बाहेरची मोजपट्टी नको. दक्षिण आफ्रिकेत 'उबुंटू' हा विचार आहे: माणसाला माणूसपण येतं ते इतर माणसांमुळे. मग उणेपण पोराच्या अंगातच का शोधायचं? गावानं त्याला कुठं बसवलं, तेही बघावं की!

मात्र आपल्या संस्कृतीचे गोडवे जपून गावेत. संत एकनाथांच्या भारुडांत आंधळा, बहिरा, मुका येतात ते रूपक होऊन. खरा आंधळा राहिला पारावरच. गुलाबराव महाराजांची दृष्टी तान्हेपणीच गेली, पुढे त्यांच्या नावावर शंभरावर ग्रंथ झाले, आपण त्यांना प्रज्ञाचक्षू म्हटलं. पण शाळेत नाव घालायला प्रत्येक पोरानं गुलाबराव महाराज व्हायचं का? 'मागच्या जन्माचं पाप' हे तर आईच्या तोंडावर आजही बोलतात.

२०१६ च्या कायद्यानं अपंगत्वाचे प्रकार ७ वरून २१ केले. कागद झाला, पण खरं काम घरातून सुरू होतं. बोलू न शकणाऱ्या नातीसाठी आजीनं घरीच खुणा केलेल्या असतात: मूठ गोल फिरवली की दळण, कपाळाला बोट लावलं की आई. शिक्षकानं आधी त्या शिकाव्यात, मग आपल्या शिकवाव्यात. एवढंच मागणं घेऊन मी उभा आहे.

पुढच्या दोन रांगा कर्णबधिर मुलांच्या आहेत; तिथं बसलेल्या पुढाऱ्यांनी कृपया उठावं. आणि वक्त्यांनी दुभाष्याकडे न बघता मुलांकडे बघून, सावकाश बोलावं.