ताकद साच्यात घडते



उत्पादकांच्या या परिषदेचं अध्यक्षपद तुम्ही एका मोल्डिंगवाल्याकडे सोपवलंत, म्हणून मी बोलणार आहे ते मोटारीच्या इंजिनातल्या तंतुयुक्त प्लास्टिकच्या भागांबद्दल.

मोटार वागळे इस्टेटपासून अंबरनाथपर्यंतच्या आपल्या भागाला नवी नाही. कल्याण-शीळ रस्त्यावरच्या प्रीमियरच्या कारखान्यातून 1990च्या दशकात प्यूजो 309 बाहेर पडत होती. तंतूही नवे नाहीत. शहाडच्या सेंच्युरी रेयॉनमधला धागा टायरच्या रबराला बळ देत आला आहे. नायलॉनमध्ये काचतंतू घालताना आपण तेच तत्त्व वापरतो.

इंजिनात हवा नेणारा इनटेक मॅनिफोल्ड पूर्वी ॲल्युमिनियमचा ओतीव असे. आज असंख्य गाड्यांत तो ग्लास-फिल्ड नायलॉनचा असतो. ॲल्युमिनियमची घनता 2.7, तर 30 टक्के काच घातलेल्या नायलॉन 66ची सुमारे 1.37. म्हणजे वजन निम्मं झालं, असं वाटेल. पण ताठपणात हे नायलॉन ॲल्युमिनियमच्या पुष्कळ मागे आहे. ती उणीव जाड भिंती आणि रिब देऊन भरावी लागते, आणि वाचलेल्या वजनातलं काही त्यातच जातं.

या वाटेवर सर्वांत धाडसी पाऊल टाकलं ते मॅटी होल्ट्झबर्ग या अमेरिकी संशोधकाने. 1980च्या दशकात त्यांचं पॉलिमोटर इंजिन शर्यतीच्या गाडीत धावलं. त्याचे बरेच भाग तंतुयुक्त प्लास्टिकचे होते, पण क्रँकशाफ्ट मात्र धातूचाच. जिथे ज्वाला आणि प्रचंड ताण, तिथे धातू राहू द्या. मॅनिफोल्ड, व्हॉल्व्ह कव्हर, पंखा, थर्मोस्टॅट हाउसिंग हा आपला प्रांत.

मला आज सांगायचं आहे ते याच्या पुढचं. पोलादाचा बार विकत घेतला की त्याची बरीचशी ताकद बारासोबतच येते. ग्लास-फिल्ड नायलॉनची गोणी घेतली, तर ताकद अजून घडायची असते. वितळलेला माल ज्या दिशेने वाहतो, त्या दिशेला बहुतेक तंतू वळतात. त्या अंगाने पार्ट दणकट, आडव्या अंगाने कमी. दोन प्रवाह जिथे भेटतात त्या वेल्ड लाइनवर तंतू पलीकडे ओलांडत नाहीत, आणि पार्ट तिथेच फुटतो. म्हणून माल साच्यात शिरण्याचं गेट कुठे द्यायचं, हा ताकदीचाच निर्णय असतो.

तसंच दमटपणाचं. नायलॉन हवेतलं पाणी ओढतं. जुलैत डोंबिवलीच्या हवेत गोणी उघडी राहिली आणि दाणे न वाळवता बॅरलमध्ये गेले, तर उष्णतेत ते पाणी रेणूंच्या साखळ्याच तोडतं. वाया गेलेले पार्ट दळून तो माल बेहिशेबी मिसळला, तर तंतू आखूड होतात. पार्ट दिसायला तोच, वजनालाही तोच. इंजिनावर चढला की मग कळतं.

एवढं सगळं मशीनपाशी ठरतं, तरी आराखडा पक्का होताना मोल्डर खोलीबाहेर असतो. हे बदलायला हवं. त्यासाठी आधी आपली वही बोलली पाहिजे: कोणत्या लॉटला किती वेळ वाळवलं, दळलेला माल किती टक्के, कोणता नमुना किती भाराला तुटला. चाचणीयंत्र एकट्याला परवडत नसेल, तर चारपाच कारखान्यांनी मिळून घ्यावं. विजेच्या गाड्या आल्या म्हणून हे कसब वाया जाणार नाही. बॅटरी थंड ठेवणाऱ्या नळ्या आणि जोडांनाही तेच लागेल.

डोंबिवलीत बोलताना सुरक्षिततेचा विषय टाळता येत नाही. 23 मे 2024चा एमआयडीसीतला स्फोट या शहराच्या स्मरणात आहे. हाताने एफआरपी (तंतुयुक्त प्लास्टिक) थापणाऱ्यांनी रेझिन घट्ट करणारं पेरॉक्साइड थंड जागी, कोबाल्ट ॲक्सिलरेटरपासून दूर ठेवावं. दोन्ही थेट एकत्र आली तर भडका उडू शकतो. हलका पार्ट बनवताना कामगाराचा जीव हलका मानू नका.

पुढच्या वेळी गिऱ्हाईक ड्रॉइंग घेऊन आलं, की भाव सांगण्याआधी एक प्रश्न विचारा: या पार्टवर भार कोणत्या दिशेने येतो? उत्तर मिळाल्याशिवाय साच्याला हात लावू नका.