जोतिबाला निघण्यापूर्वी
(मंडळाच्या कार्यक्रमात केलेले भाषण)



आपल्या भागात जोतिबाला मानणारी घरं पुष्कळ. पूर्वी लोक बैलगाडीनं चैत्र यात्रेला जात. वाटेत मुक्काम पडत. बैलं विसावत, म्हातारी माणसंही विसावत. आता संकेश्वर, निपाणी, कागल मागे टाकत तीन तासांत कोल्हापूर येतं. विसावा तेवढा राहून गेला.

गेल्या वर्षी मीही तीच चूक केली. अंबाबाई, जोतिबा, पन्हाळा असा एका दिवसाचा बेत आखला. आईचे पाय अंबाबाईच्या रांगेतच भरून आले. वाडी रत्नागिरीच्या डोंगरावर गाडी वरपर्यंत जाते खरी, पण तिथून देवळाकडे पायऱ्या उतरायच्या असतात. चढ लागतो तो परतताना. वर येताना आई चार वेळा पायरीवर बसली. म्हणाली, "पुढल्या खेपेला मला आणू नकोस रे." ते मला फार लागलं.

यंदा बेत आईच्या पायांनी आखला. चैत्र पौर्णिमा टाळली. रविवार देवाचा वार, गर्दी ठरलेली, तोही टाळला. दुसऱ्या शनिवारला जोडून शुक्रवारी रजा टाकली. निपाणीत न्याहारी, कोल्हापुरात अंबाबाईचं दर्शन आणि मुक्काम. शनिवारी ऊन चढण्याआधी डोंगर गाठला. पन्हाळा वगळला. कपाळभर गुलाल लावलेल्या आईनं गाडीत बसताना विचारलं, "आता परत कधी?"

मंडळी, यात्रा ठरवताना गाडी नंतर बघा. आधी घरातलं सर्वांत हळू चालणारं माणूस बघा.

चांगभलं!