बांधकाम परवानगी : वेग आणि दायित्व

२६ जानेवारी २००१ रोजी कच्छमध्ये झालेल्या भूकंपाचे केंद्र अहमदाबादपासून दोनशे किलोमीटरहून अधिक दूर होते. तरीही त्या शहरातील अनेक बहुमजली इमारती कोसळल्या. तळमजला वाहनांसाठी मोकळा ठेवून नुसत्या खांबांवर उभारलेल्या इमारतींची त्यात विशेष हानी झाली. भूकंपरोधक आराखड्याचे भारतीय मानक, आयएस १८९३, तर १९६२ पासून उपलब्ध होते. मग उणीव कशाची होती?

उणीव प्रामुख्याने कायदेशीर बंधनाची व अंमलबजावणीची होती. १९७० साली प्रथम प्रसिद्ध झालेली आणि १९८३, २००५ व २०१६ मध्ये सुधारलेली राष्ट्रीय इमारत संहिता शिफारसवजा स्वरूपाची आहे. जमीन आणि स्थानिक स्वराज्य हे राज्यसूचीतील विषय असल्याने, संहितेतील तरतूद राज्याच्या नियमांत वा महापालिकेच्या उपविधींत समाविष्ट झाली तरच ती बंधनकारक ठरते. संहितेलाच कायदा समजण्याची चूक सहज होते. परीक्षार्थींनी ती टाळावी.

अलीकडच्या सुधारणांचा रोख मात्र वेगावर राहिला. जागतिक बँकेच्या व्यवसाय सुलभता अहवालात बांधकाम परवान्यांबाबत भारत २०१८ च्या आवृत्तीत १८१ वा होता. २०२० च्या आवृत्तीत तो २७ वा झाला. ही पाहणी केवळ दिल्ली व मुंबईपुरती होती, आणि तिच्या चार निकषांपैकी तीन प्रक्रियांची संख्या, कालावधी व खर्च हेच मोजत होते. २०२१ मध्ये तो अहवालच बंद झाला. वेगाचे महत्त्व नाकारण्याचे कारण नाही. परवानगीअभावी अडकलेल्या भांडवलाचे व्याज शेवटी घराच्या किमतीतच चढते.

परंतु घर ही असमान माहितीची बाजारपेठ आहे. खांबात सळई किती व कशी बांधली, हे गिलाव्यानंतर ग्राहकाला कळू शकत नाही. २०१६ च्या स्थावर संपदा कायद्याच्या कलम १४ नुसार ताबा दिल्यापासून पाच वर्षांत आढळलेला संरचनात्मक दोष विकासकाने विनामूल्य दुरुस्त करावयाचा आहे. तरतूद स्वागतार्ह आहे. पण भूकंप पाच वर्षांची मुदत पाहून येत नाही. म्हणूनच लहान, कमी जोखमीच्या इमारतींना स्वयंप्रमाणनाची सवलत देऊन वाचणारे मनुष्यबळ उंच इमारतींकडे वळविणे आवश्यक आहे : आराखड्याची त्रयस्थ अभियंत्याकडून छाननी, जोते तपासणी, आणि प्रत्येक स्लॅबचे काँक्रीट ओतण्यापूर्वी सळयांची प्रत्यक्ष पाहणी.