गाठीचे शेजारी

टाकवे बुद्रुक आणि अंदर मावळातल्या मंडळींनो, आज मेंदूच्या गाठीबद्दल बोलायचंय. खरं म्हणजे तिच्या शेजाऱ्यांबद्दल.

रिपोर्ट हातात आला की घरच्यांचा पहिला प्रश्न ठरलेला, "डॉक्टर, गाठ केवढी आहे?" अहो, केवढी ते कळेलच. ती कुणाच्या जिवावर वाढतेय, ते विचारा की!

खाचरातलं तण बघा. चिखलणी तुम्ही केलीत, युरिया तुम्ही टाकलात, तो इंद्रायणी भातासाठी. तण त्याच पाण्यावर, त्याच खतावर फोफावतं, आणि रोपांत असं मिसळतं की बेणणाऱ्या बाईलाही दोनदा बघावं लागतं. लंडनचे सर्जन स्टीफन पॅजेट १८८९ सालीच सांगून गेले की कॅन्सरचं नुसतं बी बघू नका, जमीनही बघा.

ग्लायोब्लास्टोमा ही मोठ्या माणसांतली फार जहाल गाठ. तिच्यातल्या कितीतरी पेशी, कधी तिसरा हिस्सा, कधी त्याहून जास्त, कॅन्सरच्या नसतातच. मेंदूतल्या मायक्रोग्लिया आणि रक्तातून आलेल्या मॅक्रोफेज पेशी त्या. रोगाशी लढणं हे त्यांचं काम. पण गाठ त्यांना वळवते आणि त्या तिलाच वाढीची द्रव्यं पुरवतात. २०१९ मध्ये तर दिसून आलं की मज्जापेशी गाठीतल्या पेशींशी थेट सायनॅप्स, म्हणजे संदेशाचे सांधे, जोडतात. म्हणजे विचार माणसाने करायचा, खत मिळायचं तणाला! गाठही ग्लुटामेट नावाचं रसायन सोडते, शेजारच्या मज्जापेशी खवळतात, फिट येते, आणि त्या खवळण्यातून पुन्हा गाठीला बळ.

"ऑपरेशन झालं, तरी परत कशी आली?" मुळं बांधात शिरलेली असतात, म्हणून. आणि बांध खणता येत नाही, कारण इथला बांध म्हणजे माणसाचं बोलणं, हात हलवणं.

पुण्यात, गणेशखिंडीतल्या राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्रात अशा गाठीतल्या पेशी वाढवून अभ्यास झालाय. मोलाचं काम. पण काचेच्या बशीत शेजारी नसतात, त्यामुळे तिथे अर्धीच गोष्ट दिसते. असो, स्टुडिओच्या काचेपलीकडून खूण झाली, वेळ संपत आला.

पुन्हा सांगतो, तण एकटं वाढत नाही. आणि एवढं तरी कराच. मोठ्या माणसाला आयुष्यात पहिल्यांदा फिट आली तर कांदा, चप्पल हुंगवत बसू नका. कुशीवर वळवा, तोंडात काही घालू नका, लगेच दवाखान्यात न्या. दर वेळी गाठच असते असं नाही. पण डॉक्टरांनी एमआरआय सांगितला, तर सुगी होऊ दे म्हणून पुढे ढकलू नका.